ड्रायव्हर एम.डी.जी.

एसटीच्या अमरावती आगारात मी एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची अठरा वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. कोणता ड्रायव्हर कोणती गाडी घेऊन जाणार ते ठरवायचं, तक्त्यावर लिहायचं आणि ड्युटी संपताना दोन्ही परत आले का ते पाहायचं, एवढंच माझं काम. त्यामुळे मागच्या मे महिन्यात माझी मुलगी आचल हिने अकोल्याहून फोन करून सांगितलं, की बाबा, आईच्या कॉम्प्युटरमध्ये कोणता ड्रायव्हर काय काय सांभाळतो त्याची यादी काढायची आहे, तेव्हा मला वाटलं, हे काम आपल्याला येतं.

कॉम्प्युटर माझ्या बायकोचा. माया फ्रेजरपुऱ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मराठी टायपिंगचा क्लास चालवायची. आधी मशीनवर, नंतर कॉम्प्युटरवर. मुली पेन ड्राइव्हमधून व्हायरस आणायच्या म्हणून आचलनेच त्यात लिनक्स टाकून दिलं होतं. आचल अकोल्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळते. आईचा कॉम्प्युटर बिघडला की ती तिकडूनच, तिच्या लॅपटॉपवरून, त्यात शिरून दुरुस्त करायची. माया तेव्हा बाजूला उभी राहून म्हणायची, "पाहा, पोरगी अकोल्यात बसून माझा उंदीर हलवून राहिली."

माया जाऊन चौदा महिने झाले होते. आचलचं म्हणणं होतं की मी आता घर बंद करून अकोल्यात कौलखेडला तिच्याकडे राहायला जावं. मला नीट झोप नाही, बीपीची गोळी मी विसरतो आणि सकाळच्या पोळ्या संध्याकाळी खातो, हे तिला कळलं होतं. कॉम्प्युटर विहाराच्या अभ्यासिकेला द्यायचा, तिथे तो परत जोडताना अडचण नको म्हणून ही यादी. यादी झाली की महिनाअखेर येतो, असं मी तिला कबूल केलं होतं. कबूल केलं होतं, पण कपाटातली बॅग काढली नव्हती.

"बाबा, काळी खिडकी उघडली का?" आचल फोनवर म्हणाली.

"उघडली."

"आता सांगते तसं लिहा. सिस. मग बस."

"बस?"

"हो, बस. त्याच्यात यूएसबी, आन् त्याच्यात ड्रायव्हर्स."

"बसमधी ड्रायव्हर. मंग आमच्यासारखंच हाये."

"तुमच्यासारखंच हाये. एकेका ड्रायव्हरच्या नावाचं फोल्डर असते. त्याच्या ताब्यात जे असन ते आत दिसते."

हे मला लगेच पटलं. आतल्या वस्तूंना नावं नव्हती, नंबर होते, गाड्यांना असतात तसे. एका ड्रायव्हरकडे दोन नंबर होते. आचलने मला कीबोर्डची वायर काढायला लावली, तर एक नंबर गेला. कीबोर्ड लावून माउस काढला, तर दुसरा गेला. म्हणजे हा ड्रायव्हर या दोघांचा. प्रिंटरचा वेगळा. प्रत्येक फोल्डरमध्ये बाइंड आणि अनबाइंड अशा दोन फायलीही होत्या. ड्रायव्हरला वस्तू सोपवायची तर पहिलीत तिचं नाव लिहायचं, काढून घ्यायची तर दुसरीत. आमच्याकडे हे तोंडी व्हायचं आणि त्यात शिव्या असायच्या.

मी वहीत तक्ता आखला. डावीकडे ड्रायव्हर, उजवीकडे गाडी.

"आनखी एक हाये," मी म्हटलं. "एम, डी, जी."

"काय?"

"एमडीजी. लहान अक्षरात."

"असा ड्रायव्हर मी आयकला नाई कधी. थांबा, पाहते." तिकडे बटणं वाजली. "बाबा, हा कुठंच नाई. याची फाईलच नाई. कोनी लिहिला, कवा टाकला, काहीच नाई. आत काय हाये?"

एमडीजी म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्या घरात ते कोणालाही माहीत असतं. भांड्यांवर नावं घालणारा माणूस मशीन घेऊन गल्लीत यायचा, तेव्हा माया घरातली सगळी भांडी अंगणात मांडायची. लग्नाकार्याला दिलेलं पातेलं परत आलं पाहिजे, यासाठी. माया धर्मपाल गवई हे चमच्यावर मावत नाही, म्हणून तिने इंग्रजी तीन अक्षरं काढली. एम.डी.जी. मशीनवाला यायचा बंद झाला, तेव्हा ती खिळ्याने कोरायला लागली. कूलरच्या पत्र्यावर, इस्त्रीच्या मुठीवर, सगळीकडे.

यात डी माझा. तेवढंच. अडतीस वर्षांच्या संसारात तिने माझं नाव तोंडाने घेतलं नाही. घरात मी "आयकता का" होतो आणि बाहेर "आचलचे बाबा". दवाखान्यात शेवटच्या वेळी नर्सने पतीचं नाव विचारलं, तर ऑक्सिजन लावलेला असताना तिने माझ्या खिशातल्या आधार कार्डाकडे बोट दाखवलं होतं.

"आत काय हाये, बाबा?" आचलने परत विचारलं.

मी वाचून दाखवलं. इथे नंबर नव्हते, नावं होती. kular. miksar. motar. istri. redio. kukar.

मायाचा मराठी टायपिंगचा वेग मिनिटाला पन्नास शब्दांचा होता. इंग्रजी स्पेलिंगशी तिचं कधी जमलं नाही.

"आईनं फोल्डर बनवून ठेवलं असन," आचल म्हणाली. मग म्हणाली, "पन तिथं मानसाले फोल्डर बनवताच येत नाई. ते कर्नल बनवते."

"मिलिटरीतला?"

"बाबा. कॉम्प्युटरचा आतला भाग. जे खरंच जोडलं हाये तेच तो दाखवते." ती नावं पुटपुटली. "आन् कुकरले वायर कुठं असते?"

खाली एकूण आकडा होता, सात. नावं सहा होती. मी दोनदा मोजली. kukar च्या खाली एक रिकामी ओळ होती. आगारात तक्ता असा जुळला नाही तर मी घरी जात नसे.

"एकूण लागत नाई," मी आचलला सांगितलं. "सातवी कोनती ते पाह्यल्याशिवाय यादी पूरी होत नाई. मले यायले उशीर होईन."

"तुमाले बहानाच पाहिजे होता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तपासणी सुरू केली. मिक्सरची वायर काढली, तरी miksar जागेवर. मग इस्त्री उचलून शेजारी शकुनबाईंकडे ठेवून आलो. परत येऊन पाहिलं तर istri यादीत नव्हती. परत आणली, आली. रेडिओ नेला, गेला. आणला, आला. कुकर नेला.

शकुनबाई दारात डाळ निवडत होत्या. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, मायाच्या मैत्रीण. तिसऱ्या फेरीला त्यांनी सूप खाली ठेवलं.

"गवई भाऊ, घर मोडून राहिले का?"

"नाई. तपासनी चालू हाये."

"कायची?"

"कुकर कोनाचा हाये त्याची."

त्यांनी कुकरचं झाकण उलटं करून पाहिलं. "मायाताईचा हाये. नाव हाये ना वर." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आचलले फोन करू का मी?"

सातव्या वस्तूसाठी मी सगळं घर उलटं केलं. एम.डी.जी. कोरलेली भांडी चमच्यांसकट एकशे चौदा निघाली. ती सगळी पोत्यात भरून शकुनबाईंकडे नेली. रिकामी ओळ हलली नाही. पाट नेला, घड्याळ नेलं. शकुनबाईंनी मला त्या दिवशी जेवायलाच बसवून घेतलं आणि वाढताना माझ्याच ताटात वाढलं, कारण त्यांची ताटं पोत्यामागे अडकली होती.

संध्याकाळी सगळं परत आणून जागेवर लावलं, तेव्हा आचलने तिकडूनच यादीला दुसरा रकाना जोडून दिला. प्रत्येक नावापुढे इंग्रजीत, वस्तू चालू आहे की थांबली आहे. kular पुढे active. istri पुढे suspended.

"सस्पेंड?" मी म्हटलं. "इस्त्रीनं काय केलं?"

"काही केलं नाई, बाबा. सस्पेंड म्हंजे झोपली. काम नसलं का ड्रायव्हर झोपवते तिले."

"आमच्याकडं सस्पेंड म्हंजे चौकशी असते. एकतीस वर्षांत मी एकदाबी झालो नाई."

"माहीत हाये. रिकाम्या ओळीपुढं काय हाये?"

"अॅक्टिव्ह."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात motar पुढचा शब्द बदलला. suspended होतं, त्याचं active झालं. मागच्या अंगणातून मोटरचा आवाज यायला लागला. मी खिडकीतून पाहिलं. टाकी भरली, मोटर थांबली, शब्द परत बदलला.

मी खुर्चीत बसलो. मोटर रोज माया लावायची. मी कधीच लावली नव्हती. ती गेल्यावरही लावली नव्हती. चौदा महिने नळाला पाणी येत होतं आणि ते कुठून येतं हे मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

"शकुनबाई," मी कुंपणावरून हाक मारली, "आमची मोटर तुमी लावता का?"

"मी काहून लावू? तुमीच लावता ना. रोज सायंकाळी आवाज येते."

कूलरमध्येही पाणी काठोकाठ होतं. तेही मी भरत नव्हतो.

आचलला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, "बाबा, तुमी उद्या इकडं या. तीन दिवस तरी या." तिचा आवाज तिच्या आईसारखा झाला होता, त्यामुळे मी गेलो.

सकाळच्या गाडीने निघालो. ड्रायव्हर ओळखीचा निघाला, मूर्तिजापूरला त्याने चहा पाजला. अकोल्याला उतरलो तेव्हा पंचेचाळीसच्या वर ऊन होतं. आचलकडे एसी आहे, पलंग मऊ आहे, जावई स्वभावाने चांगला आहे. तीन दिवस मला झोप आली नाही. दुपारची तर नाहीच. घरी मी निवृत्त झाल्यापासून माया मला पावणेदोनला झोपवायची, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून. कूलर लावायची, पडदा ओढायची आणि म्हणायची, "पडा आता." मी पडायचो. ती गेल्यापासून पावणेदोनला मी नुसता बसलेला असतो.

पहिल्याच संध्याकाळी आचलने लॅपटॉप माझ्यासमोर फिरवला. अमरावतीची यादी. एकूण सहा. रिकामी ओळ नव्हती.

"तुमी काहीतरी सोबत आनलं," ती म्हणाली.

आम्ही बॅग उपसली. तळाशी डबा निघाला, पोळ्यांचा. झाकणावर एम.डी.जी.

"हा पाहा," आचल म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली. "डबा होता. एवढा डबा सोडून तुमी एकशे चौदा भांडे नेले."

माझं मलाही हसू आलं. तक्ता जुळला होता. आता यादी पूर्ण झाली, असं ती म्हणाली, आणि मी मान हलवली. ठरलं असं, की मी परत जायचं, दोन दिवसांत सामान बांधायचं, कॉम्प्युटर अभ्यासिकेला द्यायचा आणि कायमचं यायचं. डबा अकोल्यातच राहिला. आचलने तो घासून तिच्या मांडणीवर ठेवला.

परतीच्या गाडीत खिडकीजवळ बसलो होतो. दुपारी आचलचा फोन आला.

"बाबा, बडनेऱ्याले पोचले का?"

"आत्ताच पूल ओलांडला. तुले कसं कळलं?"

मला वाटलं रेंज गेली.

"सात झाले," ती म्हणाली.

मी माझ्या मांडीवरच्या बॅगेकडे पाहिलं. बॅग नवी होती, तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. अंगातला सदराही आचलनेच परवा घेतलेला होता.

"डबा कुठं हाये?" मी विचारलं.

"माझ्यासमोर हाये."

घरी पोचल्यावर आचलने फोनवरून मला पाणीही पिऊ दिलं नाही. "बसा कॉम्प्युटरसमोर," ती म्हणाली. "मी सांगते ते लिहा. अनबाइंड करायचं."

"कोनाले?"

"सातव्याले."

"त्याले नाव नाई. तिथं नाव लिहा लागते."

"तुमचं नाव लिहा, बाबा."

मी इंग्रजीत धर्मपाल लिहिलं आणि बटण दाबलं. खाली एक ओळ आली. मी ती वाचून दाखवली. नो सच डिव्हाइस.

"म्हंजे?"

"म्हंजे अशी कोनतीच वस्तू नाई." मग ती म्हणाली, "आई तुमचं नाव घेतच नवती."

मागे कूलर चालू होता. मी लावला नव्हता.

"मंग ड्रायव्हरच काढून टाकू," आचल म्हणाली. तिने एक ओळ सांगितली, मी लिहिली. उत्तर आलं, की मॉड्यूल एमडीजी वापरात आहे, काढता येत नाही.

"जबरदस्तीनं काढायची एक पद्धत हाये. तुमी फक्त शेवटी उणे एफ लिहा."

मी उणे लिहिलं. एफच्या बटणावर बोट ठेवलं. मायाच्या बोटांनी त्यावरचं अक्षर पुसट झालेलं होतं.

"लिहिलं का?"

"आचल, गाडीत मानसं बसून असली तं ड्रायव्हरले मधातच उतरवता येत नाई. तसा नियम हाये."

"बाबा, हे एसटी नाई."

"तूच म्हनली होती, आपल्यासारखंच हाये."

ती रडत होती की चिडली होती, मला कळलं नाही. मी म्हटलं, काढत नाही, पण कॉम्प्युटर बंद करतो. वायरी काढतो. उद्या अभ्यासिकेची माणसं येतील, देऊन टाकतो. मग यादीच राहणार नाही. ती त्यावर तयार झाली.

मी कॉम्प्युटर बंद केला. भिंतीतला प्लग काढला. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, सगळ्या वायरी गुंडाळून खोक्यात भरल्या. खोक्याला सुतळी बांधली आणि मायाने विणलेलं झाकण वर टाकलं. वहीतला तक्ता मी पूर्ण केला. ड्रायव्हर, एम.डी.जी. गाड्या, सात. शेरा, काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता अभ्यासिकेची माणसं खोका घेऊन गेली. मी जेवलो. गोळी घेतली. ती पाण्याच्या ग्लासजवळ काढून ठेवलेली होती.

फोन आला तेव्हा मी पलंगावर बसलो होतो.

"बाबा, कॉम्प्युटर जोडला का त्याईनं?"

"नाई. अभ्यासिकेत लाईट नाई आज. खोका तसाच बांधून हाये म्हने. काहून?"

"मले यादी दिसून राहिली."

"पूरी दिसून राहिली, बाबा. एकूण सात. कुकर, सस्पेंडेड. रेडिओ, सस्पेंडेड. मोटर, सस्पेंडेड." ती एकेक सावकाश वाचत होती, लहानपणी पाढे म्हणायची तशी. "कूलर, अॅक्टिव्ह."

खिडकीतला कूलर सुरू झाला. वाळ्याचा वास आला. पडदा वाऱ्याने ओढला गेला आणि खोलीत अंधार झाला. घड्याळात पावणेदोन झाले होते.

"बाबा? आयकता का?"

"आयकून राहिलो."

"रिकाम्या ओळीपुढं आतापर्यंत अॅक्टिव्ह होतं. आत्ता बदललं."

"काय झालं?"

"सस्पेंडेड."

मला जांभई आली.

"ठेव आता फोन," मी म्हटलं. "पडतो जरा."